चौदाव्या मजल्यावरचा शनिवार

“शिंदे, तुमची लिफ्ट झोपेत चालतेय! माझी मास चुकली!”

रविवारी भल्या सकाळी फोनवर एवढंच कानावर पडलं. मग कुणीतरी कुणालातरी कन्नडमध्ये झापल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. आवाज फिलोमिना अक्कांचा होता. बेंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या एका सोळा मजली टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर त्या राहतात. एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अख्खा टॉवर त्यांना आपला वॉर्डच वाटतो. मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना. रविवारची मास चुकवणं अक्कांच्या राज्यात बसत नाही.

मी बसवनगुडीत घरी कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत उभा होतो. ते तसंच टाकलं आणि निघालो.

मी लिफ्टचा माणूस. आमच्या छोट्या कंपनीचं ऑफिस राजाजीनगरात आहे. आम्ही लिफ्ट बनवत नाही, सांभाळतो. बिल्डिंगवाले वर्षभराच्या देखभालीचा करार करतात, त्याला एएमसी म्हणतात. तो झाला की लिफ्ट अडकली, दचकली, नुसती कुरकुरली तरी शिव्या खायचा मान आमचा.

इतक्या सकाळी बेळ्ळंदूरचा रस्ता रिकामा बघायला मिळणं हे एक भाग्यच. तळ्यावरून धुकं येऊन टॉवरच्या पायाशी बसलं होतं. खालचे दोन मजले दिसतच नव्हते. वाटावं, इमारत तिसऱ्या मजल्यापासूनच सुरू होते. लॉबीत शिरलो तर समोर लिफ्टचं दार आपोआप उघडलं. आत कुणी नाही. बराच वेळ उघडं राहिलं, मग सावकाश बंद झालं. मी पुढच्या खेपेला आत शिरलो.

पहिला मजला. दार उघडलं. समोर ताजी रांगोळी. कुणी चढलं नाही. दुसरा मजला. कुणाकडे तरी सांबार उकळत होतं. तिसऱ्यावर उदबत्ती. पाचव्यावर एक मांजर बसलं होतं, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचार बदलला. प्रत्येक मजल्यावर खिडकीतला उजेड थोडा थोडा वाढत होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. सगळी नोकरी लिफ्ट लवकर कशी पोचेल या धावपळीत गेली. कुठंही पोचायची घाई नसलेली लिफ्ट मी पहिल्यांदाच बघत होतो. जावं असंच वरखाली, असं मनात आलं.

चौदाव्यावर दार उघडलं आणि स्वप्न मोडलं. समोर अक्का. रविवारची साडी, हातात जपमाळ, दुसरा हात कमरेवर.

“हे काय आहे?”

“शब्बाथ मोड आहे, अक्का.”

“ते मला सांगू नका. मीच मागून घेतला होता. पण आज वार कुठला?”

“रविवार.”

“मग?”

मग काय, टायमर मीच लावला होता.

आता हा शब्बाथ मोड काय ते सांगतो. लिफ्टच्या मेंदूला आम्ही कंट्रोलर म्हणतो. परदेशी कंट्रोलरच्या मेनूत खोल कुठंतरी ही सोय असते. ती चालू केली की लिफ्टची बटणं काम करत नाहीत. लिफ्ट आपली आपण वर जाते, खाली येते, प्रत्येक मजल्यावर थांबते, दार जास्त वेळ उघडं ठेवते. ज्यू लोकांत जे काटेकोर पाळणारे असतात ते शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, बटण दाबत नाहीत, दिवा लावत नाहीत, फोन घेत नाहीत. आपोआप चालणाऱ्या लिफ्टमध्ये मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना चढता येतं. ही सोय आहे हे मी ट्रेनिंगमध्ये वाचलं होतं. बेंगळुरात ती कधी वापरावी लागेल असं वाटलं नव्हतं.

वापरावी लागली सिपोरा मावशींसाठी. अक्कांच्या समोरचाच दरवाजा. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा वारलेला, मुलगा इस्राएलमध्ये. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांची धाकटी बहीण लिली याच टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर. दोघींनी एकाच वेळी फ्लॅट घेतले होते, म्हातारपण सोबत काढू म्हणून. मग लिलीला अर्धांगवायू झाला. आता ती कॉटवर नाहीतर व्हीलचेअरवर. शब्द मोजकेच निघतात.

बाकीचे दिवस सिपोरा मावशी बटण दाबून खाली जायच्या. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी मात्र जिन्यानं. आणि नेमके तेच दिवस लिलीचे. शुक्रवारी दिवे लावून झाले की मावशी मनुकांचं सरबत घेऊन तिच्याकडे जायच्या, त्यावर आशीर्वाद म्हणायच्या, चमच्यानं तिला पाजायच्या. सबंध आठवडा लिली त्या सरबतासाठी दाराकडे बघत असते, असं तिची सांभाळणारी बाई सांगायची. बारा मजले उतरायचे, बारा चढायचे. एका शनिवारी मावशी जिन्यात पडल्या. अक्कांना सापडल्या. पाय मोडला नाही हे नशीब. अक्कांनी त्याच दिवशी असोसिएशनचे अध्यक्ष मूर्ती यांच्या घरात घुसून लिफ्टची सोय मागितली.

मी तेव्हा मावशींना म्हटलं होतं, “मग रात्री तिथंच राहत जा की.”

“राहिले ना बाबा. तिथं एक खोली, त्यात तिची कॉट आणि सांभाळणारी बाई. मी खुर्चीत. पाठीनं हात जोडले.”

मूर्ती बिचारे सज्जन. ते म्हणाले, “दोनपैकी एका लिफ्टला शनिवारपुरता लावा.” मी कन्नडमध्ये म्हटलं, सरी, ठीक आहे. आणि लावला. शनिवारी सूर्योदयापासून रविवारी सूर्योदयापर्यंत, वर थोडी सूट. त्यांनाही काही विचारावंसं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या दोघांच्या घरी वार सूर्य उगवला की बदलतो. पंचांग तसंच. दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होऊ शकतो, हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. त्यात दुसरी लिफ्ट आम्हीच दोर बदलायला बंद ठेवलेली. त्यामुळे रविवारी पहाटे मासला निघालेली सगळी ख्रिस्ती मंडळी मजल्यामजल्यावर तिष्ठत राहिली.

मी मावशींचं दार वाजवलं. “मावशी, शुक्रवारी रात्री तुम्ही वर कशा आलात?”

“आले कुठं? खालीच राहिले, खुर्चीत.”

“अहो, मग फोन करायचा!”

“शब्बाथला फोन कसा करू?”

मी कपाळाला हात लावला. त्या हसल्या. “शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी सुरू होतो बाबा. शनिवारी संध्याकाळी तीन तारे दिसले की संपतो.”

“बेळ्ळंदूरला तारे दिसतात?”

“धुरातून एखादा दिसतो. उरलेले दोन धरून चालायचं.”

मी वेळ दुरुस्त केली. माझ्या मते विषय संपला. पण खाली लॉबीत तो सुरू झाला होता.

सोळाव्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांचं नाव सांगत नाही, सोळावाले म्हणू. ते लॉबीत मास चुकलेल्या मंडळींना गोळा करून बोलत होते. “बघितलंत? एका ज्यू बाईसाठी तुमची प्रार्थना बुडाली. हे लोक जिथं जातात तिथं असंच करतात. आधी लिफ्ट घेतात, मग बिल्डिंग.” मंडळी चिडलेलीच होती. दोघातिघांनी माना हलवल्या. मी पुढं होऊन म्हटलं, “साहेब, टायमर माझा चुकला. त्या बाईंचा काही संबंध नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेकॅनिकच्या चुकीत त्यांना रस नव्हता.

त्या आठवड्यात बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको नको ते आलं. ज्यू पैशावर जग चालवतात, ज्यूंनी अमुक केलं, तमुक केलं. कुठल्या तरी दूरच्या युद्धाचा जाब चौदाव्या मजल्यावरच्या म्हातारीकडे मागितला गेला. मग लिफ्टच्या आत कुणीतरी कागद चिकटवला: ही लिफ्ट कुणाच्या बापाची नाही, ज्यूंनी आपल्या देशात जावं. आणि गुरुवारी मावशींच्या चौकटीवरचा मेझुझा कुणीतरी उपटून काढला. मेझुझा म्हणजे बोटाएवढी नळी. आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींचा गुंडाळलेला कागद असतो. येताजाता त्याला हात लावून बोटं ओठांशी नेतात. नळी जिन्यात सापडली, वाकलेली. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कॅमेऱ्यात नुसती टोपी आणि पाठ दिसली.

मूर्तींनी रविवारी मीटिंग बोलावली. मोड ठेवायचा की काढायचा यावर मतदान. मला टेक्निकल माहिती द्यायला बोलावलं. आमचे मालक गुरुराज सरांनी त्याआधीच मला ऑफिसात बसवलं.

“शिंदे, आपण दोर, मोटर आणि दार बघतो. देव बघत नाही.”

“सर, चूक माझ्या टायमरची होती.”

“दुरुस्त झाली ना? संपलं. मीटिंगमध्ये विचारलं तेवढंच बोला. स्वल्पही जास्त नको.”

सरांचं चुकत नव्हतं. तरी मला राग आला. त्यांचा नाही, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. मी शुक्रवारी दुपारी कंट्रोलर तपासायचं निमित्त करून चौदाव्यावर गेलो.

लिफ्टचं दार उघडलं तर मावशींच्या दारासमोर खुर्ची टाकून अक्का लसूण सोलत बसलेल्या. शेजारी पाण्याची बाटली, मोबाईल, चष्म्याचं घर.

“अक्का, इथं?”

“हवा छान येते.”

“कधीपासून?”

“काल नळी सापडली तेव्हापासून. जेवायच्या वेळी अकराव्यावरचे थॉमस नवराबायको येतात. त्यांनाही इथली हवा आवडते.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी त्या रविवारी फार बोलले हो. ते माझं बोलणं उचलूनच त्या माणसानं सगळं पेटवलं. मी तुमच्यावर ओरडत होते, तिच्यावर नाही.”

आत मावशी मनुका भिजत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “काढून टाक बाबा तो मोड. नको मला. मुलगा रोज फोन करतो, इकडं निघून ये म्हणतो. पण लिलीला विमानात बसवायचं कसं? आणि तिला इथं टाकून मी जाऊ?”

“कुणी काही लिहिलं म्हणून जायचं?”

“लिहिलंय ना, आपल्या देशात जा. आपला देश म्हणजे कुठला रे? अलिबाग?” त्या हसल्या. मग हसू गेलं. “तिकडच्या लढाईचं मला वाईट वाटत नाही असं वाटतं का यांना? मरणाऱ्या सगळ्याच पोरांचं वाटतं. पण ती मी सुरू केली का?”

मी विषय बदलला. मी म्हटलं, “मावशी, तुमच्याकडे हा शनिवार कधीपासून?”

“तू बोलतोस ते मराठी आहे होय? अर्धं कन्नडच आहे,” असं म्हणून त्यांनी आधी माझी फिरकी घेतली. आमचं घराणं तीनएकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलं, त्यात मराठीला कन्नडची फोडणी बसायचीच. मग त्या सांगू लागल्या. “माझे पणजोबा कोकणात तेल गाळायचे. आमची पुष्कळ माणसं तोच धंदा करायची. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा. गाव आम्हाला काय म्हणायचं ठाऊक आहे? शनवार तेली. ज्यू हा शब्द गावात कुणाला माहीत नव्हता, आमच्यातल्याही कुणाला नव्हता. शनिवारी तेल मिळत नाही, एवढीच आमची ओळख. म्हणून लोक शुक्रवारी तेल घेऊन ठेवायचे. कुणी मतदान नाही घेतलं.”

खिडकीतून तळं दिसत होतं, वर घार तरंगत होती. त्या बोलत होत्या आणि मला तो घाणा दिसत होता, बाजूला सुटलेला बैल, सावलीत डोळे मिटून बसलेला. बेळ्ळंदूरचे हॉर्न कुठल्या कुठं गेले. मावशींनी ओल्या हातानं ड्रॉवर उघडून ती वाकलेली नळी दाखवली, तेव्हा मी परत चौदाव्या मजल्यावर आलो. “आत ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “आत कुणाला दिसत नाही.” मला रडू आलं असतं, म्हणून मी पाना शोधायच्या निमित्तानं बाहेर आलो.

रविवारी क्लबहाऊसमध्ये खुर्च्या कमी पडल्या. मी माझं सांगितलं: मोड सुरक्षित आहे, आता वेळ बरोबर आहे, त्या काळात टॉवरला एका लिफ्टवर भागवावं लागेल. बसलो. गुरुराज सर खूश झाले असते.

सोळावाले उठले. “मला कुणाच्या धर्माशी घेणं नाही,” इथून सुरुवात केली आणि बराच वेळ धर्मावरच बोलले. शेवटी म्हणाले, “सगळ्यात जास्त त्रास आपल्या ख्रिश्चन बंधुभगिनींना झाला. त्यांनी आधी बोलावं. फिलोमिना मॅडम?”

अक्का उठल्या. सभा गप्प झाली. वॉर्डात राउंड सुरू झाला की होते तशी.

“माझी मास चुकली. खरं आहे. ती कुणी चुकवली? या शिंदेंनी.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. “त्यांना मी झापलंय. सिपोरानं काय केलं? ती बहिणीला सरबत पाजायला गेली.”

“मॅडम, मुद्दा तो नाही...”

“मुद्दा मी सांगते. मी मासला कुणासाठी जाते? येशूसाठी. तो कुणाच्या घरात वाढला? मेरीमातेच्या. त्या घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायचे आणि शनिवारी चूल पेटायची नाही. ती उद्या या टॉवरमध्ये राहायला आली, तर तिच्याही चौकटीवरचं तुम्ही उपटून टाकाल. मग मी कुठल्या तोंडानं तिच्यापुढे मेणबत्ती लावू?”

 अक्का बसल्या नाहीत. “त्या कागदावर फक्त ज्यू लिहिलंय, म्हणून आम्ही गप्प बसू असं वाटलं होतं का? अय्यो! आम्ही काय एवढ्या मूर्ख बाया आहोत?”

मग नवव्या मजल्यावरचा जेकब उठला. ऑफिसला जाणारा, कमी बोलणारा माणूस. “अक्कांचं चर्च वेगळं, आमचं वेगळं,” तो म्हणाला. “आमचं कशावरही पटत नाही. संतांवरून, मेणबत्त्यांवरून, गाण्यावरून आम्ही दर आठवड्याला भांडतो. यावर पटतं. मागच्या नाताळात लॉबीतल्या गव्हाणीच्या देखाव्यावर ज्यांनी हरकत घेतली ते इथंच बसलेत. तेव्हा सिपोरा आंटी काय म्हणाल्या होत्या आठवतं? म्हणाल्या, ‘बाळ आमच्या नात्यातलं आहे, मी त्याची प्रार्थना करत नाही, पण थंडीत बाहेर काढू नका.’”

हशा झाला. मला वाटलं, जिंकलं.

हरलो. हात मोजले आणि मोड काढायचं ठरलं. विरोधात हात वर करणारे सगळे वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. शनिवारी बाजार, पाहुणे, पोरांचे क्लास, एका लिफ्टवर कसं भागायचं, एवढीच पुष्कळांची अडचण होती. पण सोळावाल्यांनी टाळी वाजवली, ती अडचणीची नव्हती.

मी वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन माझ्या हातानं मोड बंद केला. काम होतं, केलं. खाली येताना चौदाव्यावर थांबलो. मावशी मीटिंगला येऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. मला वाटलं, आता सामान बांधायला घेतील. त्या दारातच उभ्या होत्या. हातात ती नळी, ठोकून सरळ केलेली. आतला कागद धड होता.

“ड्रिल आहे का रे तुझ्याकडे?”

“आहे. पण मावशी, मोड तर गेला.”

“मोड गेला. मी कुठं गेले?” त्या म्हणाल्या. “आणि ती मेरीची गोष्ट ऐकलीस ना? एवढं माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं रे. लाव इथं, खांद्याच्या उंचीला. या खेपेला स्क्रू मोठे घाल.”

मी लिफ्टच्या चौकटीला वापरतो ते स्क्रू घातले. ते उपटायचे तर भिंत सोबत न्यावी लागेल. मावशींनी हिब्रूत आशीर्वाद म्हटला. मागं अक्का मान खाली घालून उभ्या होत्या.

पुढं काही आठवडे शांतता होती. मावशी शनिवारी काय करत असतील, हा विचार मी टाळत होतो. मग ऑफिसात लेखी तक्रार आली, सोळाव्या मजल्यावरून. मोड गुपचूप चालू ठेवला आहे, दर शनिवारी सकाळी लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते, कंपनीवर कारवाई व्हावी. गुरुराज सर लाल झाले.

“शिंदे! चालू ठेवलात?”

“नाही सर. आईशप्पथ.”

“मग जाऊन बघा. शनिवारीच जा.”

शनिवारी सकाळी आधी मशीन रूममध्ये गेलो. मोड बंद. टायमर बंद. सगळं नॉर्मल. उतरून सोळाव्यावर आलो तर ते गृहस्थ तयारच. “चला, आता स्वतःच बघा.” आम्ही दोघं चढलो. त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं.

चौदाव्यावर लिफ्ट थांबली. अक्का, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बीपीचं मशीन. त्यांनी छताकडे बघत दोनचं बटण दाबलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, “लिलीचं बीपी बघायचंय मला.” त्यांच्या मागून सिपोरा मावशी आत आल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर. कुणी त्यांना चला म्हटलं नाही, त्यांनी कुणाला बटण दाब म्हटलं नाही. शब्बाथला सांगून काम करून घेता येत नाही. पण लिफ्ट चाललीच असेल तर तीत उभं राहायला हरकत नाही, एवढं मलाही आता कळत होतं.

अकराव्यावर थॉमस नवराबायको. काखेत बायबल. “गुड मॉर्निंग, शिंदे.” नवव्यावर जेकब, हातात गाण्यांचं पुस्तक. सातव्यावर एक म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. प्रत्येकानं आपापल्या मजल्यावर लिफ्ट बोलावली होती, म्हणून ती थांबत होती. आणि पॅनलवर दोनचा दिवा लागलेलाच होता, म्हणून पुढं कुणी काही दाबत नव्हतं. अक्का सोळावाल्यांना म्हणाल्या, “स्वल्प सरका,” आणि ते कोपऱ्यात सरकले. आम्ही आठ जण दाटीवाटीनं उभे. कुणाच्या केसांना खोबरेल, कुणाच्या शर्टाला डांबरगोळ्यांचा वास. लिफ्ट हळूहळू उतरत होती, दार उघडलं की उन्हाचा एक पट्टा आत यायचा, बंद झालं की विझायचा. मी कुठं आहे, कशासाठी आलोय, हे क्षणभर विसरलो. वाटलं, ही लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर न थांबता अशीच खाली खाली जावी, जमिनीतून, जुन्या गावांमधून.

दुसऱ्यावर दार उघडलं. समोर व्हीलचेअरवर लिली. अर्धा चेहरा हलत नव्हता, उरलेला अर्धा हसत होता.

“आलीस?” लिली म्हणाली.

“आले.”

“सगळे?”

“सगळे,” सिपोरा मावशी म्हणाल्या आणि तिचा हात ओठांशी नेला.

सगळी मंडळी उतरली. दर शनिवारी लिलीच्या घरी स्तोत्रं वाचायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दावीद राजाची स्तोत्रं दोघांच्याही ग्रंथात आहेत, त्यावरून तरी अक्का आणि जेकब यांचं भांडण होत नाही. अक्का आधी बीपी घेणार, मग वाचन, मग लिलीला हवा तेवढा वेळ. त्यांचं त्यांना काम होतं. मावशी फक्त त्याच वेळी घराबाहेर पडत होत्या आणि अक्का वर निघाल्या की त्यांच्यासोबत परतत होत्या.

लिफ्टमध्ये मी आणि सोळावाले उरलो. दार बंद होईपर्यंत आतून कुणीतरी वाचत असल्याचा आवाज येत होता.  

“हे मुद्दाम करतात,” ते म्हणाले.

“लिफ्टला मुद्दाम कळत नाही, साहेब. बटण कळतं.”

ऑफिसात गुरुराज सर वाटच बघत होते.

“दोष काय निघाला?”

“दोष नाही, सर.”

“मग मजल्यामजल्यावर थांबते कशी?”

“माणसं चढतात.”

“किती?”

“आठ होती. त्यात दोघं आम्ही.”

“लिफ्टची क्षमता?”

“तेरा.”

“मग तक्रार कसली आहे?”

“बाकीचे सगळे एकाच मजल्यावर उतरतात, ही.”

सरांनी तक्रारीच्या कागदावर पेपरवेट ठेवला. मग म्हणाले, “असंच लिहून द्या.” मी लिहून दिलं.

या धंद्यात एवढं शिकलो. तक्रार आली की आधी मशीन तपासावी. मशीन ठीक निघाली, तर तक्रार ज्याची त्याला परत करावी. तिची दुरुस्ती एएमसीत बसत नाही.